हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हे वचन पटणे कठीण जाते. ज्या गोष्टीला खरोखरच मोल नसते तिचा बाजार भरत नाही, आणि हौसेचा बाजार तर अलीकडे चांगलाच भरू लागला आहे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी 'आयर्नमॅन ७०.३' या नावाची स्पर्धा भारतात प्रथमच झाली. अरबी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, पाण्याबाहेर येताच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवून लगेच २१.१ किलोमीटर धावायचे, असा हा मामला आहे. तिन्ही अंतरांची बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल होते. नावातील आकडा तेथून आला. साडेआठ तासांत हे सारे पुरे झाले तर पदक मिळते. साथीच्या काळात स्पर्धेत खंड पडला, २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली आणि २०२४ साली एका विद्यमान खासदाराने ती पूर्ण केल्यावर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरही तिचे नाव झळकले.

या स्पर्धकांचा उपहास करण्याचे काहीही कारण नाही. त्यांत डॉक्टर असतात, अभियंते असतात, बँकेतले अधिकारी असतात, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणीही असतात. पुणे, नाशिक व कोल्हापूर या शहरांत तर या वेडाने चांगले मूळ धरले आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांनी ग्रासलेल्या आपल्या मध्यमवर्गात पहाटे चारला उठून तलावाकडे जाणारा माणूस निर्माण होणे, ही समाजाच्या दृष्टीने हिताचीच घटना होय. प्रश्न त्यांच्या जिद्दीचा नाही. ही हौस कशाच्या आधारावर उभी आहे आणि तो आधार कोणाच्या मालकीचा आहे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

'हौशी खेळाडू' या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या चालकांनी १८७९ साली हौशी खेळाडू कोणाला म्हणावे याचे नियम केले. बक्षिसाच्या पैशासाठी शर्यत लावणारा हौशी नव्हे, हे समजण्याजोगे आहे. पण कारागीर, मजूर व यंत्रावर काम करणारा हाही हौशी नव्हे, आणि नावेवर किंवा नावेच्या कामावर मजुरी घेतलेला माणूसही हौशी नव्हे, असे त्यात नमूद होते. ज्याचे दंड वल्हे मारून कमावलेले, त्याला वल्ह्याच्या स्पर्धेत प्रवेश नाही! पोटासाठी श्रम न करणाऱ्यालाच हौसेसाठी श्रम करण्याचा अधिकार, असा त्याचा सरळ अर्थ होता. मजुरांवरील ही बंदी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत कागदावर टिकून होती.

आज असा नियम कोणी करणार नाही. त्याची गरजही उरलेली नाही. पूर्वी जे काम नियमावली करीत असे ते आता किंमत करते. नोंदणीचे शुल्क हजारो रुपयांत असते. शर्यतीची सायकल साठ-सत्तर हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. प्रशिक्षक, प्रवास आणि राहणे हे खर्च निराळेच. (आपला समुद्र उबदार असल्यामुळे युरोपातल्या स्पर्धकाला लागणारा रबरी पोशाख येथे लागत नाही, एवढीच काय ती बचत.) तरीही पैसा हा खर्चाचा लहान भाग होय, मोठा भाग वेळेचा आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली एका प्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले की, कोणत्याही उपभोगाची किंमत ही वस्तूची किंमत अधिक तिच्यासाठी लागणाऱ्या वेळेची किंमत अशी मोजली पाहिजे. या हिशेबाने पाहू. नवख्याने आठवड्याला दहा तास असा चोवीस आठवडे सराव केला, तर २४० तास होतात. बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने ते वीस पाळ्यांइतके आहेत.

थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली आरामभोगी वर्गावरील आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. तेव्हा श्रीमंती दाखवायची तर काहीही न करता बसून दाखवावे लागे. आता घामाघूम होऊन दाखवावे लागते, एवढा फरक शतकाभरात पडला आहे. अर्थात प्रत्येक स्पर्धक दाखवण्यासाठीच धावतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आपला वेळ आपल्या मालकीचा आहे, हे सिद्ध करणारी याहून ठळक खूण आज दुसरी नाही.

कुंभवलीसारख्या गावात राहणाऱ्याला ही गोष्ट विशेष जाणवते. आमच्या या परिसरात पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी रोज घडतात. पहाटे रस्त्याच्या कडेने मुले-मुली धावताना दिसतात. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर ठराविक वेळेत पार करावयाचे असते, आणि काही सेकंदांवर नोकरी अवलंबून असते. पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांशी सायकलींची रांग लागते. त्या सायकलींना गिअर नसतात, डबा मात्र असतो. आणि नवापूर, उच्छेळी-दांडी, आलेवाडी, मुरबे या गावांतील मांगेला व इतर मच्छीमार समाजांची मुले समुद्रात पोहायला शिकतात ती कोणी शिकवल्यावाचून. हेन्लीच्या नियमाने ती हौशी ठरली नसती. बोईसरहून शंभरेक किलोमीटरवरच्या चर्चगेटला रोज लोकलने जाऊन परत येणारा कारकूनही अंतराच्या हिशेबात आयर्नमॅनला सहज मागे टाकतो. त्याच्या वेळेची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

येथपर्यंतचा विचार विषमतेचा झाला, आणि विषमता काही या एकाच खेळात नाही. याहून महत्त्वाचा प्रश्न समुद्राचा आहे. या स्पर्धेचे अर्थकारण बारकाईने पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. 'आयर्नमॅन' हे नाव ज्या कंपनीचे आहे ती २०१५ साली चीनच्या वांडा समूहाने सुमारे ६५ कोटी डॉलर देऊन घेतली आणि २०२० साली, जगभरच्या स्पर्धा साथीमुळे बंद पडल्या असताना, अमेरिकेतील एका प्रकाशन समूहाला ७३ कोटी डॉलरना विकली. १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा जणांनी सुरू केलेल्या आणि बारा जणांनी पूर्ण केलेल्या एका साहसाचे हे बाजारमूल्य! या कंपनीच्या मालकीचा ना समुद्र आहे, ना रस्ता. तिच्याजवळ नाव आहे, नियम आहेत आणि आयोजनाचे कसब आहे. बाकी सर्व सामग्री यजमान गाव पुरवते. रस्ते काही तास बंद होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, जीवरक्षक लागतात. आणि मुख्य म्हणजे माणूस उतरू शकेल असे पाणी लागते. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक मिळते हे खरे. पण त्या दिवसांत येणारा दुसरा पर्यटक किती प्रमाणात मागे सरतो, आणि खर्च झालेल्या रुपयातील किती आणे गावात राहतात, हे हिशेब सरकारी पत्रकांत सहसा आढळत नाहीत.

पाणी ही सामग्री फुकट मानली जाते, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे. एकाच किनाऱ्याच्या समुद्राचे भाव गिऱ्हाइकागणिक वेगळे असतात. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे जे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर उभारण्याचे ठरले आणि ज्याचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, त्या प्रकल्पाला समुद्राची नैसर्गिक खोली मोलाची वाटते. क्रीडा-पर्यटनाच्या व्यापाऱ्याला त्याची ऊब आणि वाळू हवी असते. आमच्या औद्योगिक वसाहतीला तो सांडपाण्याची अखेरची जागा म्हणून उपयोगी पडला. या वसाहतीला तारापूरचे नाव असले तरी ती वसली आहे बोईसरला लागून, कुंभवली, सालवड, कोलवडे या गावांच्या आसपास. तिच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्रातील पाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून वाहिनीने समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. ज्या परीक्षेत अधिक गुण मिळणे ही नामुष्की, अशी ही परीक्षा. त्याआधीच, २०१६ साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने कारखान्यांवर भरपाई बसवली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सांडपाण्याची वाहिनी आणखी खोल समुद्रात नेण्याची योजनाही झाली. वाहिनी लांबवल्याने पाणी दूर जाते; त्याने पाण्यातील द्रव्य कमी होत नाही.

येथे कोणी विचारील की, ट्रायथलॉनचा आणि नवापूरच्या मच्छीमाराचा संबंध काय? संबंध आपल्या कायद्यानेच जोडून ठेवला आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत किनाऱ्याच्या पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केलेले आहेत. त्यांतील दुसरा वर्ग स्नान, पाण्याशी प्रत्यक्ष संपर्क येणारे खेळ आणि व्यापारी मासेमारी या तिन्हींसाठी एकत्र आहे. त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, विष्ठाजन्य जिवाणू शंभर मिलिलिटरमागे शंभरांच्या आत असावेत, डोळ्यांना रंग आणि नाकाला दुर्गंध जाणवू नये, असे मानक आहे. पोहणारा आणि जाळे टाकणारा यांचे हित कायद्याच्या दृष्टीने एकच आहे. एक वर्षातून एकदा तासाभरासाठी उतरतो, दुसरा जन्मभर उतरतो, एवढेच.

पॅरिसचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमधील ट्रायथलॉनचे पोहणे सीन नदीत व्हावे असे ठरले. त्या निमित्ताने नदीच्या शुद्धीवर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. एवढे करूनही ऐन वेळी पावसाने नदी बिघडली आणि ३० जुलैची पुरुषांची स्पर्धा एक दिवस पुढे ढकलावी लागली. जगभर थट्टा झाली. पण पुढच्या वर्षी, ५ जुलै २०२५ रोजी, १९२३ पासून पोहण्यास बंद असलेली ती नदी सामान्य नागरिकांसाठी तीन ठिकाणी खुली करण्यात आली. खेळाडू आपापल्या देशी परतल्यावर पॅरिसच्या शाळामास्तराला आणि दुकानातल्या नोकराला पोहण्याचा घाट मिळाला. सीनचा प्रश्न मुख्यतः मैल्याचा होता, आपल्याकडचा रसायनांचा आहे, आणि रसायने उन्हाने मरत नाहीत; त्यामुळे येथील काम अधिक अवघड व अधिक खर्चाचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे स्वस्त हौसेचे उदाहरण नाही असे मात्र नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा भरते. जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळकरी मुले येतात, वयस्कही येतात. सोबत लागते ती फार तर पोहण्याची टोपी आणि चष्मा. तिला परदेशी नावाची जोड नाही, पण राज्याने समुद्रातील क्रीडेसाठी पैसा खर्च करायचाच असेल तर तो अशा ठिकाणी करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला. त्याला केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू असे लांबच लांब किनारे आहेत. तेथे उद्या एखादी मोठी स्पर्धा आणण्याची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येईलच, कारण क्रीडा-पर्यटन हा शब्द सध्या चलनात आहे. तसे झाले तर स्पर्धेच्या दिवसापुरते एका तुकड्याचे पाणी तपासून भागणार नाही.

स्पर्धेची वाट पाहण्याचीही आवश्यकता नाही. दुसऱ्या वर्गाच्या पाण्याची जी मोजमापे नियमांत दिली आहेत ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर महिन्याला घ्यावीत आणि नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी व चिंचणी येथे मासे उतरवण्याच्या जागी फलकावर लावावीत. त्यांबरोबर कारखान्यांतून येऊ शकणाऱ्या प्रमुख रसायनांची तपासणीही असावी, कारण जुन्या मानकांत त्यांना पुरेसे स्थान नाही. आकडे मराठीत असावेत. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता आणि भरतीला घेतला की ओहोटीला, हेही शेजारी लिहिलेले असावे, कारण त्या दोन पाण्यांत किती अंतर असते हे नवापूरच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे लागत नाही.