गावाच्या नावातच रेल्वे



वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात जऊळका हे खेडे आहे. लोक त्याला ‘जऊळका रेल्वे’ म्हणतात. स्टेशनचे नाव गावाला आडनावासारखे चिकटले आहे. आडनाव राहिले, पण गाडीचा थांबा आपोआप राहत नसतो, हे ध्यानात घ्यावे.

हे स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे. पूर्वी येथे मीटरगेज होते. २००८ साली ब्रॉडगेज झाले. एका बाजूला जिल्ह्याचे ठिकाण वाशिम, दुसऱ्या बाजूला अकोला. अकोल्याला मुंबई-नागपूरची मोठी लाइन भेटते. कामाच्या शोधात निघालेला मजूर असो, कॉलेजची मुलगी असो की दीक्षाभूमीला निघालेली म्हातारी आई असो, गरिबाला परवडणारी गाडी म्हणजे पॅसेंजरच.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभर प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे अनेक पॅसेंजर गाड्या ‘एक्स्प्रेस स्पेशल’ म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. नवरा-बायकोच्या जवळच्या जाण्या-येण्याला ४० रुपये लागत, तेथे १२० लागू लागले. ८० रुपये म्हणजे घरातले तेल-मीठ! फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडे पुन्हा १० रुपयांवर आले.

आता आपले काम काय? पहिले म्हणजे तिकीट काढूनच बसावे. थांबा ठेवायचा की नाही हे ठरवताना रेल्वे तिकीटविक्री पाहते. आपण फुकट बसलो तर कागदावर आपले गाव रिकामे दिसते. दुसरे, मागणी तोंडी करू नये. नांदेड येथील विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहावा, गावकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि पोच जपून ठेवावी. तिसरे, आपल्या स्टेशनवर वर्षात किती तिकिटे विकली गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. फी १० रुपये; दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तीही माफ. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

आम्ही कारकून माणसे. आकडा आणि कागद यांची ताकद रोज पाहतो. मोठ्या शहराच्या स्टेशनसाठी बोलणारे पुष्कळ असतात. खेड्यातल्या स्टेशनसाठी खेड्यानेच लिहायला शिकले पाहिजे. घरात शिकलेले पोर असेल तर आजच त्याच्या हाती कागद द्या.