नांव पाहावें कीं भट्टी पाहावी?

नागपुराकडील एका वाचक-गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची नात यंदा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली असून अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत तिचा क्रमांकहि बरा लागला आहे. तिला मटेरियल्स इंजिनियरिंग, म्हणजे धातु व इतर द्रव्यें यांचें अभियांत्रिकी शास्त्र, शिकावयाचें आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, संगणकाची शाखा घ्यावी. तें साधत नसेल तर निदान ज्याचें नांव सर्वांत मोठें तें विद्यापीठ घ्यावें, मग शाखा कोणतीहि असो. आजीबाईंचा आक्षेप निराळाच आहे: भट्टीपुढें उभें राहण्याचें काम मुलीला कसें झेपावें? शेवटीं ते गृहस्थ विचारतात कीं, विद्यापीठ निवडावें तरी कोणत्या कसोटीवर? प्रश्न एका घरचा नव्हे. दरवर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस पुष्कळ घरांतून हाच वाद चालतो. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथें करूं.

प्रथम या शास्त्राचें स्वरूप पाहिलें पाहिजे. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'पदार्थविज्ञान' हा शब्द फिजिक्स या अर्थीं येत असे. त्यामुळें 'पदार्थ अभियांत्रिकी' हें नांव ऐकून वडील माणसांचा घोटाळा होतो. वस्तुतः येथें विचार असतो तो वस्तु ज्या द्रव्याची घडते त्या द्रव्याचा. हिरा आणि शिसपेन्सिलींतील ग्राफाइट हीं दोन्ही एका कर्बाचींच रूपें. अणूंची मांडणी तेवढी भिन्न. पुरेसा कर्ब असलेलें पोलाद लाल तापवून एकदम पाण्यांत बुडविलें तर तें कठीण व ठिसूळ होतें. तेंच भट्टींत हळूहळू निवूं दिलें तर मऊ होतें. द्रव्याची अंतर्गत रचना, त्यावर केलेली प्रक्रिया, त्यांतून येणारे गुणधर्म आणि प्रत्यक्ष उपयोगांतील वर्तन या चार गोष्टींचा परस्परसंबंध शोधणें हेंच या विद्येचें सार. विमानाच्या इंजिनाचें पातें, मोटारीची बॅटरी, संगणकांतील सिलिकॉनची चकती, माणसाच्या मांडींत बसविलेला कृत्रिम सांधा, या सर्वांच्या मुळाशीं हीच विद्या आहे.

आतां नांवाचा विचार. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होत आली आहे. ती उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत अभियांत्रिकी संस्थांचा गट एकच असतो. अमुक संस्थेचा धातुशास्त्र विभाग कसा आहे, हें ती सांगत नाहीं. शिवाय तिच्या निकषांत अध्यापन, संशोधन व विद्यार्थ्यांचें यश यांच्याबरोबर संस्थेविषयींचें लोकमतहि धरलेलें असतें. म्हणजे ज्या नांवाची आपण परीक्षा करूं पाहतों, तेंच नांव परीक्षेंत थोडे गुण मिळवून जातें! खासगी महाविद्यालय घ्यावयाचें झाल्यास आणखी एक गोष्ट तपासावी. एन. बी. ए. ही राष्ट्रीय मूल्यांकन संस्था सबंध महाविद्यालयास नव्हे, तर एकेका अभ्यासक्रमास मान्यता देते. भारत २०१४ सालीं वॉशिंग्टन करारांत पूर्ण सभासद म्हणून दाखल झाल्यापासून या मान्यतेस परदेशांतहि वजन आलें आहे. तेव्हां आपल्याला हवी असलेली शाखा मान्यताप्राप्त आहे काय, हें विचारावें. शेजारच्या शाखेची मान्यता आपल्या कामाची नाहीं.

या विद्येच्या जागा एकमेकींहून फार भिन्न आहेत, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. काशी हिंदु विश्वविद्यालयांत धातुशास्त्राचें अध्यापन १९२३ सालीं सुरू झालें. देशांत तें पहिलें. तेथील अभियांत्रिकी शाळेस २०१२ सालीं आय. आय. टी.चा दर्जा मिळाला, पण विभागाची परंपरा शंभर वर्षांची आहे. जमशेदपुरास १९१२ पासून पोलाद निघत आहे. राष्ट्रीय धातु प्रयोगशाळा १९५० पासून तेथेंच आहे आणि अभियांत्रिकी संस्थाहि १९६० पासून आहे. ज्यास लोखंड-पोलादाचें वेड आहे त्यानें तो गांव नुसता नकाशावर पाहून सोडूं नये. मुंबईच्या आय. आय. टी.तील विभागाच्या नांवांतच धातुशास्त्र व पदार्थशास्त्र या दोहोंची जोड आहे. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचें; २०२२ सालीं तें स्वतंत्र विद्यापीठ झालें, आणि राज्याच्या सी. ई. टी.तून तेथें धातुशास्त्रास प्रवेश मिळतो. त्याच शहरांत १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असल्यामुळें बहुवारिकांचें, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या द्रव्यांचें, संशोधन हाकेच्या अंतरावर आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें संशोधनाकडे झुकलेला चार वर्षांचा पदवीक्रम आहे व त्यांत हा विषय मुख्य म्हणून घेतां येतो. आणि खुद्द नागपुरांत विश्वेश्वरय्या संस्थेंत हा विभाग आहे, ॲल्युमिनियमच्या संशोधनाचें केंद्र आहे, मॅंगनीजच्या खाणी चालविणाऱ्या सरकारी कंपनीची मुख्य कचेरीहि आहे. घराजवळचें म्हणून तें हलकें, असें कोणीं समजूं नये. आणि घराजवळचें म्हणून तेंच योग्य, असेंहि समजूं नये.

मग पारख करावी कशी? रसरत्नसमुच्चय या संस्कृत रसग्रंथांत रसशाळेचें वर्णन आहे. अग्निकर्म आग्नेयेस, धुण्याचें काम पश्चिमेस, वाळविण्याचें वायव्येस, सिद्ध झालेलीं द्रव्यें ईशान्येस, अशी प्रत्येक कामाची जागा त्यांत नेमून दिलेली आहे. दिशांचा आग्रह आज कोणी धरणार नाहीं. परंतु विद्या शिकावयाची तर शाळा कशी मांडलेली आहे तें पाहावें, हा त्यांतील बोध आजहि जुना झालेला नाहीं. म्हणून विभागास पुढील प्रश्न विचारावे. भट्ट्या, ताणपरीक्षेचें यंत्र, क्ष-किरणांचें उपकरण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हें सर्व आहे काय; आणि असल्यास पदवीच्या विद्यार्थ्याचा हात त्यास लागतो, कीं कांचेपलीकडून दर्शन तेवढें होतें? तिसऱ्या व चौथ्या वर्षीं सिरॅमिक, बहुवारिकें, विद्युद्द्रव्यें, गणकयंत्रावरील प्रतिकृति यांपैकीं काय शिकवितात, कीं सारा भर पोलादावर आहे? उन्हाळ्यांत विद्यार्थी कोणत्या कारखान्यांत जातात? मागील तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांपैकीं किती जण याच विद्येंत काम करीत आहेत, आणि किती जण संगणकाच्या कंपन्यांत गेले? मोठ्या पगाराच्या जाहिरातींतून या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. तें मुद्दाम विचारावें लागतें.

शिक्षक कशाचा शोध घेत आहेत, हेंहि पाहावें. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर असून गंजून कां गेला नाहीं, या प्रश्नाचा कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनीं पिच्छा पुरविला आणि त्या लोखंडांतील फॉस्फरसमुळें पृष्ठभागावर संरक्षक थर कसा बनतो, तें मांडून दाखविलें. असा प्रश्न उराशीं बाळगणारा एक शिक्षक ज्या विभागांत असेल, तेथें विद्यार्थ्याचीं चार वर्षें वायां जात नाहींत.

आणखी एक गोष्ट वडील मंडळींच्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. नामांकित संस्थांतहि या शाखेचा प्रवेश संगणकशाखेच्या मानानें पुष्कळ खालच्या क्रमांकापर्यंत उतरतो. त्यामुळें केवळ नांवासाठीं येथें आलेले विद्यार्थी थोडे नसतात. ते चार वर्षें पाहुण्यासारखे राहतात, आणि पाहुण्यास घर कधीं आपलें वाटत नाहीं. उलट ज्यास या विद्येची खरीच गोडी आहे, त्याच्या हें पथ्यावरच पडतें. मध्यम क्रमांकावरहि त्यास उत्तम विभाग मिळूं शकतो. पुढें शाखा बदलून मिळेल या भरवशावर मात्र कोणींहि प्रवेश घेऊं नये.

आतां आजीबाईंचा आक्षेप. त्यांच्या काळजीचा आम्ही अनादर करीत नाहीं. परंतु आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनीं चुलीच्या धुरांत उभें आयुष्य काढलें. तेव्हां तें त्यांना झेपेल काय, असें कोणीं विचारिलें नाहीं. आतां नात स्वतःच्या आवडीनें भट्टीपुढें उभी राहूं इच्छिते, तेव्हांच हा प्रश्न कां निघावा? शिवाय या विद्येचें पुष्कळसें काम आज सूक्ष्मदर्शकाशीं व गणकयंत्राशीं बसून चालतें. आय. आय. टी. संस्थांनीं २०१८ पासून मुलींसाठीं अधिक जागा निर्माण केल्या आहेत. वसतिगृह कसें आहे, रात्रीं प्रयोगशाळेंतून परत येण्याची सोय काय, हे प्रश्न आजीबाईंनीं अवश्य विचारावे; ते रास्त आहेत.

शेवटीं पसंतीची यादी. केंद्रीय प्रवेशफेरींत जागा मिळते ती क्रमांक व आपण लिहिलेला पसंतिक्रम यांवरून. म्हणून खरी आवड ज्या जागेची, ती निःशंकपणें वर लिहावी. ती न मिळाल्यास खालच्या जागेवरील हक्क जात नाहीं. जेथें जावयाचेंच नाहीं, तें नांव मात्र मुळींच लिहूं नये. जागा मिळाल्यावर 'फ्रीज', 'फ्लोट' व 'स्लाइड' असे तीन मार्ग असतात. पहिल्यानें मिळालेली जागा कायम होते. दुसऱ्यानें अधिक पसंतीच्या कोणत्याहि जागेची वाट पाहतां येते. तिसऱ्यानें त्याच संस्थेंतील अधिक पसंतीच्या शाखेची. यांचे अर्थ घरांत सर्वांनीं आधींच समजून घ्यावे, म्हणजे ऐन वेळीं धांदल होत नाहीं.

आमची सूचना इतकीच कीं, त्या गृहस्थांनीं नातीस घेऊन निदान दोन ठिकाणें प्रत्यक्ष पाहून यावीं आणि तेथील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशीं तिला एकटीला बोलूं द्यावें. खर्च किती झेपेल हें वडिलांनीं स्पष्ट सांगावें. तो त्यांचा अधिकार आहे. त्या मर्यादेंत यादीचा क्रम मात्र तिनें आपल्या हातानें लिहावा. पुढलीं चार वर्षें पहांटे उठून प्रयोगशाळेंत जावयाचें आहे तें तिला, आपणांस नव्हे.