कोऱ्या पानांचा भाव

कोकणातल्या घरात सर्वांत जास्त लिहिली जाणारी वही भिंतीवर टांगलेली असते. दूध कोणत्या दिवशी आलं नाही, सिलिंडर कधी लावला, भिशीचा हप्ता कोणाचा राहिला, हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनात बारीक अक्षरात मावतं. वर्ष उलटलं तरी दोडामार्ग तालुक्यातल्या एखाद्या घरात ते जुनं कालनिर्णय माळ्यावर जपून ठेवलेलं सापडेल. गाय कधी भरली, खत कधी घातलं, याचा पुरावा दुसरा कुठे नसतो.

हे कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगांवकर दोडामार्गच्याच जिल्ह्यातले, मालवणचे. 1973 मध्ये त्यांनी ते सुरू केलं तेव्हा तारखांची कॅलेंडरं बाजारात होती आणि पंचांगंही होती. साळगांवकरांनी ज्योतिषाचं ज्ञान आणि शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवताना आलेली वाचकाची पारख एकत्र केली. पंचांग सोप्या मराठीत तारखेच्या चौकोनात आणलं आणि पानाची मागची बाजू पाककृती, आरोग्य, लेख यांनी भरली. कागद तोच, शाईही तीच. विकलं गेलं ते त्या कागदावर काय असावं याचं शहाणपण.

हे आठवायचं कारण मोबाइलवर सतत डोकावणारी एक जाहिरात. ‘घरबसल्या जर्नल बनवा, ॲमेझॉनवर विका, झोपेतही कमवा.’ जर्नल म्हणजे इथे रोजनिशी किंवा नोंदवही: व्यायामाची, खर्चाची, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायची, नाहीतर नुसत्या रेघांची. रायडर कॅरोल या अमेरिकी डिझायनरची बुलेट जर्नल पद्धत 2013 पासून जगभर पसरली आणि कोऱ्या वहीला पुन्हा दिमाख आला. कॅनव्हासारख्या साधनावर मुखपृष्ठ करायचं, आत एकाच पानाच्या 120 प्रती जोडायच्या, फाइल किंडल डायरेक्ट पब्लिशिंग म्हणजे केडीपीवर चढवायची. मागणी आली की ॲमेझॉन एक प्रत छापतं आणि गिऱ्हाइकाला पाठवतं. भांडवल नाही, गोदाम नाही, उधारी नाही.

कल्पनेत खोट नाही. खोट हिशेबात आहे.

अमेरिकेत 6.99 डॉलरला लावलेली 120 पानी काळ्या-पांढऱ्या छपाईची वही घेऊ. जून 2025 पर्यंत किमतीच्या 60 टक्क्यांतून छपाईखर्च वजा होऊन उरेल ते निर्मात्याचं असे. त्यानंतर 9.99 डॉलरपेक्षा स्वस्त छापील पुस्तकांसाठी हा वाटा 50 टक्क्यांवर आला. म्हणजे साडेतीन डॉलर, त्यातून छपाईचे सुमारे अडीच. हातात एक डॉलर. त्यावर अमेरिकी करकपात. पॅन क्रमांकासह कराचा अर्ज नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर 15 टक्के, नाहीतर 30. एका वहीमागे जेमतेम ऐंशी-नव्वद रुपये उरतात. वही शोधात वर यावी म्हणून ॲमेझॉनलाच जाहिरातीचे पैसे मोजले, तर तेही उरत नाहीत.

शिवाय जी वही दोन तासांत होते, ती जगातल्या कोणाचीही दोन तासांत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या पुस्तकांची चर्चा तापली तेव्हा, सप्टेंबर 2023 मध्ये, एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी शीर्षकं चढवता येतील अशी मर्यादा ॲमेझॉनला घालावी लागली. दिवसाला तीन ही मर्यादा वाटावी, यातच त्या बाजारातली गर्दी कळते. या गर्दीत नक्की कमावतात ते कोर्स विकणारे. लग्न कोणाचंही असो, वाजंत्रीवाल्याची सुपारी ठरलेली.

मग दोडामार्गातल्या माणसाने हा नाद सोडावा का? नाही. त्याने कोरी वही सोडावी.

हा तालुका 1999 मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला. तिळारीचं धरण, काजू, केळी, रबर, अननस, आणि रोज सकाळी गोव्याच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या दुचाकी, ही त्याची ओळख. इथल्या बागायतदाराला जे ठाऊक आहे ते अमेरिकेतल्या कुठल्याही डिझायनरला ठाऊक नाही. काजूचीच वही घ्या. झाडांची संख्या आणि जात, वेंगुर्ला-4 किती, वेंगुर्ला-7 किती, गावठी किती. ढेकण्या या किडीसाठी पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळधारणेच्या वेळी अशा तीन फवारण्यांच्या तारखा. रोजची वेचणी, मजुरी, वजन, विकल्याचा भाव, व्यापाऱ्याची पावती चिकटवायला एक पान. आणि या तालुक्यात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले आहेत, म्हणून आणखी एक पान: नुकसान कधी झालं, किती झाडं गेली, वनखात्याला कधी कळवलं, पंचनामा कधी झाला.

अशा नोंदींची किंमत रुपयांतही मोजता येते. 2024 च्या हंगामातल्या काजू बीसाठी राज्य सरकारने किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा अर्जाला सातबारावरची लागवडीची नोंद आणि विक्रीची पावती लागली. पावत्या खिशात विरघळून गेलेल्या माणसाला या वहीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. राहुरीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कृषिदर्शनी काढतं, ती उत्तम असते, पण ती साऱ्या शेतकऱ्यांची. एका पिकाची, एका तालुक्याची वही काढायला विद्यापीठ येणार नाही. ती जागा रिकामी आहे आणि जोडधंद्याला तेवढी पुरते.

आता विक्री. इथे दोडामार्गची एक गंमत आड येते. ऑक्टोबर 2023 पासून, 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता ई-कॉमर्स संकेतस्थळावरून माल विकता येतो. पॅनच्या आधारे फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. अट अशी की माल राज्याबाहेर जाता कामा नये. त्यामुळे दोडामार्गची वही बिनधास्त गडचिरोलीला जाईल, पण गोव्यातल्या ज्या डिचोलीत याच तालुक्यातली पोरं रोज कामाला जातात, तिथे ती ऑनलाइन पाठवायची तर आधी नोंदणी हवी. हद्दीवर राहणाऱ्याने हा नियम पहिल्या दिवशीच वाचलेला बरा. नियम करणाऱ्यांनीही सीमेवरचा एखादा तालुका नजरेसमोर ठेवायला हरकत नव्हती.

केडीपी मग सर्वस्वी निरुपयोगी का? तसंही नाही. तिथे वही गिऱ्हाइकाच्या देशात छापली जाते, हा तिचा खरा गुण. न्यू जर्सीतल्या मराठी घराला इथून वही पाठवायची तर टपालखर्च वहीपेक्षा जड होतो. केडीपीत तो प्रश्नच उरत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालतात, मुलं शनिवार-रविवारी बाराखडी गिरवतात. इंग्रजी सूचना आणि देवनागरी अक्षरं असलेल्या गिरवणीच्या वह्या ॲमेझॉनवर आहेतही, पण बऱ्याच हिंदी वळणाच्या. त्यांत ‘ळ’ शोधावा लागतो. कोकणातल्या एखाद्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने ‘ळ’ला मान देणारी, फ फणसाचा आणि म माडाचा म्हणणारी गिरवणी केली, तर ती दहा डॉलरला लावता येईल. मग वाटाही 60 टक्क्यांचा. दुसरी कल्पना चतुर्थीच्या वहीची. गणपतीवरच्या माटवीला काय काय बांधायचं, नैवेद्य कोणत्या दिवशी कोणता, यंदा गणपतीचा खर्च कोणाकडे, पुढच्या वर्षी कोणाकडे. मुंबईच्या चाकरमान्याच्या पुढच्या पिढीला हे तोंडी सांगणारी माणसं आता घरात कमी होत चालली आहेत.

गावातल्या आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकासाठी मात्र छापखानाच बरा. पहिल्या खेपेला शंभर प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात. मागणी दिसली की मग ऑफसेट, कारण तिथे प्रती वाढल्या की प्रत्येकीचा खर्च उतरतो. पानं सोळाच्या फर्म्यात बसवावीत, म्हणजे कागद वाया जात नाही. बागेत न्यायची वही चिकटवलेल्या बांधणीची नको, पावसाळी दमटपणात पाठ सुटते. शिलाई घ्यावी आणि मुखपृष्ठाला लॅमिनेशन करावं. कागद इतका गुळगुळीतही नको की घामेजल्या हाताने बॉलपेन घसरेल. आयएसबीएनच्या मागे धावू नये. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, पण पुस्तकांना. कोऱ्या डायऱ्या आणि कॅलेंडरं त्यात बसत नाहीत. कॅनव्हावरचा तयार नमुना जसाच्या तसा उचलून विकायलाही परवाना नाही. रेघा आणि रकाने स्वतःच आखावेत.

हे रकाने आखण्याचंच काम सर्वांत अवघड आणि तेच विकलं जाणार आहे. त्यासाठी संगणकापुढे बसण्याआधी चार बागायतदारांकडे जाऊन त्यांच्या जुन्या कालनिर्णयांवरचं बारीक अक्षर वाचून यावं. त्यांनी चौकोनाबाहेर, समासात जे लिहिलंय, तेच नव्या वहीचे रकाने.

काजूला मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरपासून धरू लागतो आणि पहिली नोंद त्याआधी, पालवीच्या फवारणीची असते. तेव्हा ज्याला ही वही काढायची आहे, त्याची फाइल गणपती विसर्जन झालं की छापखान्यात पोचलेली हवी.