कातडे कोणी कमावले?

मराठीत कातडे 'कमावतात'. या क्रियेसाठी आपल्या भाषेने निराळे क्रियापद शोधले नाही. पैसा, पुण्य, शरीर आणि कातडे ही सारी एकाच क्रियापदाने कमावली जातात. चुन्यात भिजवून केस काढलेले आणि मग बाभळीच्या सालीच्या नि हिरड्याच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवलेले कातडे म्हणजे कमावलेले चामडे. या एका क्रियापदात श्रमाची जेवढी कबुली आहे, तेवढी शहरांतून हल्ली वाढीस लागलेल्या चर्मकलेच्या छंदाविषयीच्या साऱ्या लिखाणात मिळूनही सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निमित्त साधे आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून महाविद्यालयांना कौशल्याधारित अभ्यासक्रमांची घाई झाली आहे. भोर-वेल्हे भागातील (वेल्हे तालुक्याला आता राजगडचे नाव मिळाले आहे) एका महाविद्यालयात 'लेदर क्राफ्ट'च्या कार्यशाळेचा प्रस्ताव आला. मार्गदर्शक पुण्याहून येणार, साहित्याचा संचही तिकडूनच येणार. संचाची यादी अशी: स्कायव्हिंग नाइफ, ऑल, एज बेव्हलर, प्रिकिंग आयर्न, मेणाचा दोरा, आणि 'व्हेज-टॅन' चामड्याचे तुकडे. विद्यार्थ्यांनी तीन दिवसांत पैशाचे पाकीट आणि चाव्यांचा गोफ करावयाचा. यादीतील पहिल्या दोन हत्यारांना मराठीत रापी आणि आरी म्हणतात. हे ठाऊक असणारी माणसे त्याच गावाच्या बाजारपेठेत, रस्त्याच्या कडेला, तरटावर बसलेली आहेत. त्यांना बोलवावे असे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.

आमचा आक्षेप छंदाला आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ज्या समाजाने चामड्याला हात लावणारा माणूस दूर बसवला, त्या समाजातील चार सुशिक्षितांनी हौसेने का होईना चामडे हातात घेतले, तर वाईट काय? तंत्राविषयीही तक्रार नाही. जनावराच्या पाठीचे चामडे दाट आणि पोटाकडचे सैल, ताणणारे. म्हणून पट्टा पाठीच्या भागातून काढावा. जिथे दोन थर एकमेकांवर बसतात तिथली कड तासून पातळ करावी. ओले चामडे आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. हे सारे खरे आहे, आणि छंदिष्टांच्या पुस्तिकांत ते नीट सांगितलेलेही असते. परंतु ते सांगताना अशी भाषा वापरली जाते, की जणू ही विद्या युरोपातील खोगीर शिवणाऱ्यांनी शोधली आणि टपालाने आपल्याकडे पाठवली. कडा तासण्यासाठीच रापी असते. चामडे भिजत घालण्यासाठी चांभाराची कुंडी असते. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. चामड्याच्याच वादीने ती शिवलेली असते, आणि तिच्या कानाला कान, वेणीला वेणी असे नाव असते. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही सुया काढण्याची 'सॅडल स्टिच' उत्तम आहे, मशीनच्या टाक्याप्रमाणे ती एका ठिकाणी तुटली म्हणून सबंध उसवत नाही. तिचे कौतुक जरूर करावे. फक्त वादीच्या शिवणीला 'देशी जुगाड' आणि हिला 'हेरिटेज' म्हणू नये.

'व्हेज-टॅन'चे प्रकरण तर अधिकच बोलके आहे. आज जगातील बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते, कारण ते झटपट होते. पण त्यावर ठसा नीट उमटत नाही आणि त्याची कड घासून चकचकीत होत नाही. त्यामुळे छंदिष्टाला वनस्पतिजन्य पद्धतीचेच चामडे लागते, आणि त्यातही इटलीतील टस्कनीचे असेल तर त्याविषयी बोलताना त्याचा आवाज हळवा होतो. आता भोरच्या पश्चिमेकडे पाहा. त्या मुलखाला हिरडस मावळ म्हणतात. नावाची व्युत्पत्ती कोणी कशीही लावो, घाटमाथ्यावरच्या जंगलात हिरड्याचे झाड आहे, आणि हिरड्याच्या फळातले टॅनिन हेच कातडे कमावणारे द्रव्य आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून विलायतेच्या चर्मोद्योगासाठी हिरडा जहाजे भरभरून जात असे. कोल्हापूरकडे ढोर समाजातील कारागीर कातड्याचीच पिशवी शिवून तीत साल-हिरड्याचे पाणी भरीत आणि ती टांगून ठेवीत. पाणी कातड्यातून पाझरे आणि कातडे आतून बाहेरपर्यंत कमावले जाई. टस्कनीत जे रसायन तेच इथे. इथे मात्र त्याला दुर्गंध म्हणत आणि ते करणाऱ्याचे घर गावाबाहेर असे.

छंद नेमका सुरू कुठे होतो, हे यावरून कळते. वास संपला की छंद सुरू होतो.

कोणी म्हणेल, गांधीजींनीही चपला शिवल्या होत्या. ते काय मग छंदिष्ट? टॉलस्टॉय फार्मवर, हर्मन कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात जाऊन जे शिकून आले ते त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि स्वतः केलेला जोड त्यांनी जनरल स्मट्सना दिला. स्मट्सनी तो १९३९ मध्ये परत पाठवला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट नालवाडीची. वर्ध्याजवळच्या या गावी १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. तिथले काम तयार चामड्याच्या तुकड्यापासून सुरू होत नव्हते, मेलेल्या जनावरापासून होत होते. हा फरक किरकोळ नाही. आणि त्याहून तिखट प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारून ठेवला आहे. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे किती नुकसान होते, याचा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्याची आठवण काढून, इतका फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर पदरचे पैसे मीही देतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या आव्हानाला अजून कोणी गेले नाही. पाकिटे शिवणे हे त्याचे उत्तर होत नाही.

आपण मराठीचे शिक्षक आहोत, म्हणून भाषेची बाजू आपल्याला टाळता येत नाही. 'चांभारचौकशी' हा शब्द आपल्या कोशांत आहे, वर्तमानपत्रांत आहे आणि प्राध्यापक-कक्षातील गप्पांतही आहे. वर्गात तो उच्चारला की एखाद्या बाकावरची मान खाली जाते. न पाहण्याची सवय केली तर ती दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच. परंतु 'चांभारवाडा' पुसला जात असतानाच 'लेदर स्टुडिओ'ची पाटी लागते, आणि या दोहोंच्या मधून रापी, आरी, कुंडी, वादी हे निरपराध शब्द नाहीसे होतात. शिवी टिकते आणि अवजाराचे नाव मरते, असा हा उफराटा व्यवहार आहे.

साहित्याचा विद्यार्थी इथे काय वाचतो? बलुतेदारीसाठी त्रिं. ना. आत्र्यांचे 'गावगाडा' (१९१५) नेमलेले असते. ते एका अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले आहे. आतून पाहायचे तर माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) घ्यावे. चांभार कुटुंबात जन्मलेल्या शिक्षकाची ही रोजनिशी वाचल्यावर 'हँडमेड' हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. चांभाराच्या जोड्याला कोणी 'हाताने केलेला' म्हणून जास्त किंमत दिली नाही, कारण हात कोणाचा हेच तर गावाला नेमके ठाऊक होते.

२०२५ च्या जून महिन्यात मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या तेव्हा आपल्याकडे 'आमचा वारसा चोरला' असा गदारोळ झाला. 'आमचा' म्हणणाऱ्यांत किती जणांच्या घरी रापी होती? २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर याच कारागिरांची कच्च्या मालाची अडचण वाढली, तेव्हा हा वारसा कोणाला आठवला नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. कारागिरांच्या मुलांनी बापाचा धंदा चालवावा, असे आम्ही सुचवीत नाही. ती मुले वाणिज्य शाखेत येतात, पोलीस भरतीची तयारी करतात, आणि तेच योग्य आहे. 'परंपरा जपा' हा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार ती परंपरा ज्यांनी दुसऱ्यांवर लादली त्यांना तर मुळीच नाही. पण ज्याच्या हातात ती विद्या आज आहे आणि ज्याला ती शिकवायची इच्छा आहे, त्याला शिक्षकाची खुर्ची मिळाली पाहिजे. नकार देण्याचा हक्कही अर्थात त्याचाच.

म्हणून आम्ही त्या प्रस्तावावर लेखी सूचना दिली. कार्यशाळा व्हावी, साहित्याच्या यादीत मराठी नावे आधी यावीत, तीन दिवसांपैकी पहिला दिवस कातडे कमावण्याच्या प्रक्रियेला द्यावा, हिरडा आणि चुना यांसह, आणि बाजारपेठेतील जो कारागीर यायला तयार असेल त्याला पुण्याच्या मार्गदर्शकाइतकेच मानधन द्यावे. मराठी नावांची सूचना लगेच मान्य झाली. पहिल्या दिवसाबद्दल 'वास येईल' असा शेरा आला. मानधनाच्या रकान्यात कारागिरापुढे 'शाल व श्रीफळ' असे लिहून कागद परत आला आहे.