भाराभर चिंध्यांचा आरोप

‘एव्हरक्वेस्ट’ हा ऑनलाइन खेळ १९९९ साली आला, तेव्हापासून त्यातल्या बार्ड या गाणाऱ्या पात्रावर एकच शेरा मारला जातो : एक ना धड, भाराभर चिंध्या. चिलखत घालतो, पण वॉरियरइतका मार सोसत नाही. जखमा भरतो, पण क्लेरिकच्या पासंगालाही पुरत नाही. राक्षसांना झोपवतो, पण एन्चँटरइतकं पक्कं नाही. मग सहा जणांच्या गटात एक जागा याच्यासाठी का अडवायची?

तिन्ही दाखले खरे आहेत, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. दरवेळी बार्डला दुसऱ्याच्या कामाची फूटपट्टी लावली जाते. त्याचं स्वतःचं काम कुणी मोजतच नाही.

त्याच्या एका गाण्याला साधारण तीन सेकंद लागतात आणि गाणं थांबलं तरी परिणाम थोडा वेळ टिकतो. तो विरायच्या आत दुसरं गाणं, मग तिसरं, मग पुन्हा पहिलं. याला ट्विस्टिंग म्हणतात. बहुतेक गाण्यांना मॅना, म्हणजे मंत्रशक्ती, लागत नाही आणि धावतानाही गाता येतं. त्यामुळे तीन-चार गाण्यांचा परिणाम सतत जागता ठेवता येतो. पण पोतडीत गाणी असतात डझनांनी. त्यातली कोणती निवडायची, इथे बार्डचा कस लागतो. गटातल्या एन्चँटरने हल्ल्याचा वेग वाढवणारा मंत्र आधीच टाकला असेल, तर बार्डचं तसलंच गाणं फुकट जातं. मॅना भरून देणारं गाणं मात्र एन्चँटरच्या क्लॅरिटी या मॅना भरणाऱ्या मंत्रावर आणखी भर घालतं. लॉर्ड नॅगाफेन या ड्रॅगनच्या आगीपुढे एक गाणं लागतं, लेडी वॉक्स या ड्रॅगनच्या हिमापुढे दुसरं. क्लेरिकला बहुतेक वेळा एकच मंत्र वेळ साधून टाकायचा असतो. बार्डला आधी पाचही जणांकडे काय आहे आणि काय नाही, ते हेरावं लागतं.

आता २००० साली आलेल्या कुनार्क विस्तारातला कार्नर्स कॅसल घ्या. लांडग्याच्या तोंडाचे ड्रोलवार्ग तिथे टोळीने उभे असतात. गट भिंतीपाशी थांबतो आणि बार्ड ढोल घेऊन, धावण्याचा वेग वाढवणारं गाणं गात एकटा पुढे जातो. शेजारशेजारच्या तिघांपैकी दोघांवर शांत करणारं गाणं टाकायचं आणि तिसऱ्यालाच तेवढं ओढून आणायचं. गाणं लागू पडलं नाही की तिघेही मागे लागतात. मग एक वॉरियरच्या अंगावर सोडायचा, उरलेल्यांना झोपवायचं, झोप मोडायच्या आत ते गाणं पुन्हा गायचं आणि मधल्या फटीत क्लेरिकच्या मॅनाचं गाणं बसवायचं. हल्ल्याच्या वेगाचं गाणं सरळ सोडून द्यायचं. अशा वेळी बार्डच्या तलवारीने केलेलं नुकसान जवळजवळ शून्य असतं. नुकसानीच्या आकड्यांवरून त्याला नालायक ठरवणाऱ्यांनी हे नीट पाहावं. क्लेरिकचा मॅना शाबूत राहिला आणि तिघे एकेक करून पडले, त्याचं श्रेय त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की पुढे मेलडी ही आज्ञा आली, गाणी आपोआप फिरू लागली, तेव्हा कौशल्य उरलंच कुठे? आज्ञेने बोटांचे कष्ट वाचवले, हे उघड आहे आणि चांगलंच झालं. पण एन्चँटर गट सोडून गेला, आता हल्ल्याच्या वेगाचं गाणं परत आणायला हवं, हे ती आज्ञा सांगत नाही. एकदा लावलेली चार गाणी तासभर तशीच ठेवणारा बार्ड आळशी आहे. त्याचा आळस बार्ड या सगळ्या पात्रप्रकाराच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

माझा खरा राग बार्डच्या खोट्या कैवाऱ्यांवर आहे. ‘आम्हाला गटाची गरजच नाही’ असं ते छातीठोकपणे सांगतात. राक्षसांचा कळप मागे लावायचा, त्यांच्याभोवती गोल फिरत सगळ्यांना एकदम इजा करणारं गाणं गायचं आणि एकट्याने लेव्हल चढवायची, ही त्यांची रीत. तिला कौशल्य लागतं, हे मी नाकारत नाही. पण असा बार्ड वरच्या लेव्हलला पोचेपर्यंत त्याने क्लेरिकचा मॅना किती उरलाय याकडे कधी पाहिलेलंच नसतं. मग तो कार्नर्समध्ये गटात येतो, सवयीने तेच गाणं लावतो आणि एन्चँटरने झोपवलेले ड्रोलवार्ग पहिल्याच फटक्याला जागे होतात. क्लेरिक मरतो, आणि गटाचा म्होरक्या ठरवून टाकतो की यापुढे बार्ड घ्यायचा नाही.