तंदूर बदला, धंदा टिकवा

मुंबईचा हॉटेल धंदा वरून भरभराटीचा दिसतो. पण भेंडीबाजार, मोहम्मद अली रोड, कुर्ला येथील लहान हॉटेलवाल्याचे गणित वेगळे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. महापालिकेने बेकऱ्यांबरोबर तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा बजावल्या आणि ८ जुलैची मुदत घातली.

हवा स्वच्छ हवी, यात वाद नाही. भट्टीचा धूर सर्वांत आधी आपला रोटीवाला कारागीरच गिळतो. अडचण आहे ती भांडवलाची. जुनी भट्टी मोडणे, नवी बसवणे, गॅसची जोडणी घेणे, हा सारा खर्च एकदम येतो. जागा पागडीची असेल तर घरमालकाचीही मनधरणी आली. त्यातच नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी भरणाऱ्या हॉटेलाला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. म्हणजे नव्या तंदूरवरचा करही गल्ल्यातूनच!

मुदतवाढीसाठी एकेकट्याने खेटे घालून काय साधणार? एका गल्लीतील दहा दुकानदारांनी मिळून तंदूर खरेदी करावेत, म्हणजे भावात घासाघीस करता येईल. गॅसवाहिनीसाठी अर्ज एकत्र द्यावा. आणि सरकारकडे एकमुखाने मागणी करावी की, इंधन बदलणाऱ्यास स्वस्त कर्ज व करात वजावट द्या. चव टिकवणे कारागिराच्या हाती आहे. धंदा टिकवणे मात्र आपल्या एकीवर आहे.