शब्दओळख : ‘सिग्निफिकंट’ म्हणजे नुसते ‘महत्त्वाचे’ नव्हे

गाईडमध्ये ‘सिग्निफिकंट’ या शब्दासमोर एकच अर्थ छापलेला असतो : महत्त्वाचे. मुले तो पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळतात. पण हा शब्द आता वहीतून उठून घरात आला आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तो असतो, टॉनिकच्या जाहिरातीत असतो, औषधांच्या बातम्यांत तर हमखास असतो. तिथे ‘महत्त्वाचे’ हा अर्थ लावला की घोटाळा होतो.

मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘सिग्नम’ म्हणजे खूण, निशाणी. साइन, सिग्नल, सिग्नेचर ही त्याच घरची भावंडे. जी गोष्ट कशाची तरी खूण देते ती सिग्निफिकंट. मराठीत याला नेमका जोड आहे, ‘लक्षणीय’. लक्षण म्हणजेही खूणच. उर्दूतही ‘अहम’ वेगळे आणि ‘नुमायां’ वेगळे. नुमायां फर्क म्हणजे उघड दिसून येणारा फरक. तो अहम असेलच असे नाही. आपल्या दोन्ही भाषांत दोन-दोन शब्द असताना मुलांच्या हाती एकच का द्यावा? (जाता जाता : ‘महत्त्व’ लिहिताना त दोनदा येतो, महत् अधिक त्व. शाळेतली मुलेच चुकतात असे नाही, छापील पत्रिकाही चुकतात.)

आता रिपोर्ट. अम्मींच्या पोटात महिनाभर दुखते आहे. सोनोग्राफी होते, शेवटच्या ओळीत लिहिलेले असते ‘नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मलिटी’. घरातला शिकलेला मुलगा वाचून सांगतो, ‘अम्मी, काही महत्त्वाचं नाही, उगाच घाबरता.’ अम्मी बिचाऱ्या गप्प बसतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की या तपासणीत नोंद घ्यावी असा दोष दिसला नाही. दुखणे खोटे आहे, असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. सगळीच दुखणी सोनोग्राफीत दिसत नाहीत. दुखणे थांबले नसेल तर तोच कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवे.

बातम्यांतला ‘सिग्निफिकंट’ आणखी निराळा. तो संख्याशास्त्रातून येतो. रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1935 च्या पुस्तकात चहाचा एक प्रयोग मांडला आहे. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे त्या चवीवरून सांगू शकतात. आठ कप करायचे, चार असे आणि चार तसे, आणि त्यांना ओळखायला लावायचे. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1. म्हणून सगळे बरोबर आले तर तो योगायोग मानणे अवघड, निकाल ‘सिग्निफिकंट’. साधारण 20 मध्ये 1, म्हणजे 5 टक्के, ही सोयीची रेघ फिशर यांनी 1925 मध्येच सुचवली होती. तीच पुढे सगळीकडे रुळली.

आता सांगा, यात ‘महत्त्वाचे’ कुठे आले? दूध आधी की चहा आधी, याने कुणाचे काय अडते! समजा, एका गोळीने हजारो रुग्णांची साखर सरासरी 180 वरून 178 झाली. माणसे पुष्कळ असली की एवढासा फरकही सिग्निफिकंट ठरू शकतो. दोन अंकांनी रुग्णाचे काय भले होणार, हा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने 2016 च्या निवेदनात हेच स्पष्ट केले : या कसोटीवरून परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा, हे कळत नाही. जाहिरातवाल्यांना मात्र हा शब्द फार आवडतो. ‘मुलांच्या उंचीत सिग्निफिकंट वाढ’ असे दिसले की भगिनींनी आधी विचारावे, किती सेंटिमीटर? आकडा नसेल तर पैसे पर्समध्येच राहू द्यावेत.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी दोन शब्द. नाम सिग्निफिकन्स, क्रियापद सिग्निफाय. सिग्निफिकंट म्हणताना जोर ‘निफ’वर द्यायचा. आणि ‘सिग्निफिकन्स ऑफ द टायटल’ असा प्रश्न आला की ‘हे शीर्षक खूप महत्त्वाचे आहे’ असे लिहून पान भरू नये. ते शीर्षक कथेतल्या कोणत्या गोष्टीची खूण आहे, ते लिहावे.